‘दोनाचं चार जीबी करून देतो’ म्हणणाऱ्याकडे लॅपटॉप सोडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला टॉवेल-चादरींच्या जॅकार्ड (विणतानाच नक्षी काढणाऱ्या मागाच्या) डिझाइनचं काम चालतं. लॅपटॉप २०१८ चा: आय५-८२५०यू प्रोसेसर, एनव्हिडिया एमएक्स१५० दोन जीबी, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क. एम.२ चा स्लॉट (एसएसडीची छोटी पट्टी बसते तो) रिकामा आहे. डिझाइनची फाइल उघडायला आणि सेव्ह व्हायला फार वेळ लागतो. शिवाय गिऱ्हाइकाला अंथरलेल्या चादरीचं थ्रीडी चित्र दाखवता यावं म्हणून ब्लेंडर शिकायला घेतलंय, पण रेंडर (दृश्यावरून शेवटचं चित्र काढणं) ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत मध्येच थांबतं. दुकानदार म्हणतो, चिप बदलून चार जीबीचं कार्ड करून देतो. करावं का?

नका करू. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या दोन तक्रारींपैकी पहिलीचा ग्राफिक्स कार्डाशी काहीही संबंध नाही. त्या दोन वेगळ्या करून बघितल्या की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

आधी चिपचं. डेस्कटॉपमध्ये कार्ड स्लॉटात बसतं, म्हणून ते उपटून दुसरं लावता येतं. तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘कार्ड’ असा वेगळा भागच नाही. एमएक्स१५० ची चिप, तिच्या शेजारच्या मेमरीच्या चिप आणि तिला वीज देणारी सगळी मांडणी थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेली असते. चिपच्या पोटाखाली शेकडो बारीक गोळे असतात आणि त्यातल्या प्रत्येक गोळ्याची बोर्डावरची जागा ठरलेली असते. एमएक्स१५० मेमरीशी ६४ बिटच्या रस्त्याने बोलते. त्याच काळातल्या जीटीएक्स १०५० ला १२८ बिटचा रस्ता लागतो, आणि तो तुमच्या बोर्डावर ओढलेलाच नाही. त्यामुळे वरच्या दर्जाची चिप आणून चिकटवायची गोष्ट तिथेच संपते. रिबॉलिंगवाला (चिपखालचे गोळे नव्याने बसवणारा) कितीही हाताचा पक्का असला तरी नसलेली ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, तो आणणार कुठून?

मग तो ‘चार जीबी’ कशाला म्हणतो? दोन शक्यता आहेत. एक, मेमरीच्या चिप वाढवणं. जीडीडीआर५ ची प्रत्येक चिप ३२ बिटची असते, म्हणजे ६४ बिटवर दोन चिप आणि त्यांचे मिळून २ जीबी. चार जीबी करायचे तर चार चिपची जागा बोर्डावर हवी, कोणती मेमरी लावलीय हे सांगणारे छोटे रेझिस्टर बदलायला हवेत, आणि त्या मेमरीची नोंद असलेला व्हीबायोस (ग्राफिक्स चिपचा स्वतःचा बायोस) हवा. लॅपटॉपमध्ये व्हीबायोस बहुतेक वेळा मुख्य बायोसच्याच पोटात असतो, त्यामुळे तोही हलवावा लागतो. एवढं सगळं जमलं तरी वेग तोच राहणार: सेकंदाला ६ गिगाबिटच्या मेमरीवर ६४ बिटचा रस्ता म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. टाकी मोठी झाली, पण नळ तेवढाच.

दुसरी शक्यता जास्त वेळा दिसते आणि ती सरळ फसवणूक आहे. विंडोज आपल्या रॅमपैकी साधारण निम्मी रॅम ग्राफिक्ससाठी ‘शेअर्ड’ म्हणून दाखवतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ती जवळपास चार जीबी दिसते. कार्डाची दोन मिळवली की डीएक्सडायग या विंडोजच्याच माहिती दाखवणाऱ्या साधनाच्या पडद्यावर सहा जीबीच्या आसपासचा आकडा येतो. तो दाखवून ‘बघा, वाढलं’ म्हणायचं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू, आणि तिथे ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ एवढी एकच ओळ बघा. खरी मेमरी तीच. बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी रॅम राखून ठेवण्याचा पर्याय असला तर तो इंटेलच्या ग्राफिक्सपुरता. एमएक्स१५० ला त्याचा काही उपयोग नाही.

दुकानदाराला चारच प्रश्न विचारा. नवी चिप कोणत्या नंबरची? व्हीबायोस कुठून आणणार? हीटसिंक हाच राहणार की बदलणार? आणि बोर्ड मेला तर बोर्ड देणार का? चौथ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी चहा मागवला जातो आणि विषय बदलतो.

ज्यांचं कार्ड खरंच निघतं

असे लॅपटॉप आहेत, पण ते जाड, जड आणि त्यांच्या काळात महाग होते. त्यांत एमएक्सएम नावाच्या स्लॉटात बसणारं कार्ड असतं. डेलचे प्रिसिजन एम४८०० आणि एम६८००, एचपीचा एलिटबुक ८७७०डब्ल्यू, लेनोवोचे थिंकपॅड पी७० आणि पी७१, एमएसआयचा जीटी७० या पठडीतले. जुन्या कॉर्पोरेट मशीनच्या बाजारात ते अजून फिरतात, म्हणून सांगून ठेवतो. एमएक्सएम ३ मध्ये दोन मापं: टाइप ए ८२ बाय ७० मिमी, टाइप बी ८२ बाय १०५ मिमी. लहान माप साधारण ५५ वॅटपर्यंत, मोठं १०० वॅटपर्यंत.

स्लॉट जुळला म्हणजे सगळं जुळलं असं मात्र नाही. हीटसिंकची भोकं आणि चिपची उंची जुळायला हवी. मेमरीवरचे थर्मल पॅड अर्धा मिमी, एक मिमी की दीड मिमी, हे आधीच्या पॅडवरून मोजून घ्यावं लागतं: पातळ पडला तर मेमरी भाजते, जाड पडला तर मुख्य चिप हीटसिंकला टेकतच नाही. काही कंपन्यांचे बायोस ओळखीची नसलेली कार्डं नाकारतात आणि मशीन पडदाच दाखवत नाही. अडॅप्टर जुन्या कार्डाच्या हिशेबाचा असतो. ड्रायव्हरच्या यादीत तुमच्या मशीनसाठी ते कार्ड नसलं तर आयएनएफ फाइलमध्ये हाताने ओळ घालावी लागते. हे सगळं करून जे कार्ड मिळतं तेही बऱ्याचदा दहा वर्षं जुन्या पिढीचं. हौस असेल तर करा, धंद्यासाठी करू नका.

अलीकडच्या काळात फ्रेमवर्क लॅपटॉप १६ ने ही सोय परत आणली. मागच्या बाजूला सरकवून बसवायचा ग्राफिक्सचा भाग, आधी रेडिऑन आरएक्स ७७००एस आणि पुढे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७०. बाकी बाजारात जे मिळतं ते सोल्डर केलेलंच धरून चाला.

आपल्या लॅपटॉपचं काय हे खात्रीने कळायला मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा, डेल, एचपी, लेनोवो तिघेही ती जाहीर ठेवतात. त्यात ग्राफिक्स कार्ड काढण्याचं स्वतंत्र पान असेल तर ते निघतं. सिस्टिम बोर्डाच्याच यादीत ‘अमुक ग्राफिक्ससह’ असे दोन-तीन पार्ट नंबर असतील तर ते सोल्डर केलेलं. ही यादी आणखी एका कामाची आहे. त्याच बॉडीत जास्त ताकदीच्या ग्राफिक्सचा बोर्ड कंपनीने दिला असेल तर पूर्ण बोर्ड बदलणं हा एकमेव प्रामाणिक ‘अपग्रेड’ असतो. तिथेही हीटसिंक आणि फॅन त्याच बोर्डाचे घ्यावे लागतात, अडॅप्टरचे वॅट बघावे लागतात, पडद्याची केबल ३० पिनची की ४० पिनची ते जुळवावं लागतं, आणि विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असल्यामुळे ते पुन्हा चालू करावं लागतं. तुमच्या वर्गातल्या लॅपटॉपांत एमएक्स१५० हेच सहसा वरचं टोक असतं, तेव्हा हा रस्ता तुमच्यासाठी नाही.

फाइल हळू उघडते, त्याचं कारण

जॅकार्डच्या फाइलमध्ये एक ठिपका म्हणजे एका उभ्या धाग्यावर एक आडवा धागा. २६८८ हुकांचं (तेवढे उभे धागे वेगवेगळे उचलणारं) जॅकार्ड आणि ६००० आडवे धागे धरले तर १ कोटी ६१ लाख ठिपके होतात. मोजक्या रंगांच्या फाइलमध्ये ठिपक्याला एक बाइट पुरतो, म्हणजे सगळं मिळून १६ एमबी. हे चित्र दाखवायला इंटेलचं ग्राफिक्ससुद्धा जांभई देत बसेल. वेळ जातो तो हार्ड डिस्कवर आणि रॅम भरल्यावर विंडोज डिस्कवर जी हमाली करतं त्यात.

तपासा. डिझाइनचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, व्हॉट्सॲप, जे रोज उघडं असतं ते सगळं उघडा, मोठी फाइल सेव्ह करा आणि टास्क मॅनेजरमध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली आणि मेमरी ९० च्या पुढे असेल तर निदान झालं. जीपीयूचा आलेख त्या वेळी तळाशी पडलेला दिसेल.

उपाय दोन, दोन्ही स्वस्तातले. पहिला, रॅमची दुसरी पट्टी: डीडीआर४ एसओ-डिम, १.२ व्होल्ट, आठ जीबी. २६६६ किंवा ३२०० लिहिलेली मिळाली तरी घ्या, ती तुमच्या मशीनवर २४०० ने चालेल. आधी सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी आणि एसपीडी ही पानं बघून दुसरा स्लॉट आहे ना याची खात्री करा. काही पातळ लॅपटॉपांत एक रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच असतो. दोन पट्ट्या झाल्या की मेमरीचा रस्ता सेकंदाला १९.२ जीबीवरून ३८.४ जीबीवर जातो. लॅपटॉपचा पडदा तुमच्याकडे इंटेलच्या ग्राफिक्सवरच चालतो आणि ते ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरा उपाय एसएसडी, आणि इथे थांबा. दुकानात गेलात की एम.२ स्लॉट रिकामा बघून एनव्हीएमई (जास्त वेगाच्या जातीची) एसएसडी तिथे लावून देतील. तुमच्या बाबतीत तसं करू नका. अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी घ्या आणि ती हार्ड डिस्कच्या जागी बसवा. सेकंदाला साधारण ५५० एमबीचा वेग जॅकार्डच्या फाइलला पुरून उरतो. एम.२ चा स्लॉट रिकामा राहू द्या, कारण बाहेरचं ग्राफिक्स कार्ड जोडायचा तुमच्या लॅपटॉपवरचा एकमेव बरा दरवाजा तोच आहे. जुनी हार्ड डिस्क यूएसबी डबीत घालून बॅकअपला ठेवा.

ही दोन कामं करताना मागचं झाकण उघडणारच आहे, तर फॅनही बाहेर काढा. यंत्रमागाच्या आसपास चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये सुताचे तंतू फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखे बसतात. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर निघत नाही, नुसता मागे सरकतो. फॅनचे तीन-चार स्क्रू काढा, थर चिमट्याने सोलून घ्या, पाती मऊ ब्रशने झाडा. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. हवा मारताना फॅन काडीने अडवून धरा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंगची वाट लागते. थर्मल पेस्ट जुनी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, तांदळाच्या दाण्याएवढी. सगळ्याच्या आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण बोर्ड मरतात ते बहुतेक याच घाईत.

खोलीचं तापमान २५ वरून ४० झालं की चिपचंही जवळपास तेवढंच, पंधरा अंशांनी वाढतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉप ‘अचानक हळू झाला’ असं वाटतं, त्यात यातला वाटा मोठा असतो. मोजायचं असेल तर ग्राफिक्स चिपची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा, सेन्सर्सच्या पानावर ‘परफकॅप रीझन’ ही ओळ बघा. ब्लेंडर चालू असताना तिथे ‘थर्म’ येत असेल तर उष्णता आडवी येतेय, साफसफाईने फरक पडेल. ‘पॉवर’ येत असेल तर चिपला ठरवून दिलेली वीजच तेवढी आहे. एमएक्स१५० चे दोन प्रकार विकले गेले, एक २५ वॅटचा आणि एक १० वॅटचा. नाव दोन्हींचं एकच! जीपीयू-झेड मध्ये डिव्हाइस आयडी १डी१० असेल तर २५ वॅटचा, १डी१२ असेल तर १० वॅटचा.

ब्लेंडर कशाने अडतं

इथे मात्र दोन जीबी खरंच कमी पडतात. सायकल्सने (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनाने) कार्डावर रेंडर करताना पूर्ण दृश्य कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं एक टेक्स्चर उघडल्यावर ६४ एमबी घेतं, मग त्याची जेपीजी फाइल तीन एमबीची का असेना. ८१९२ चं तर २५६ एमबी. आणि टेरी टॉवेलचे फंदे दाखवायला बहुतेक जण हेअर पार्टिकल वापरतात. लाखो केस झाले की दोन जीबी तिथेच संपले.

पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा. फंद्यांसाठी केसांऐवजी डिस्प्लेसमेंट किंवा नॉर्मल मॅप (उंचसखलपणा चित्रावरून दाखवणारे) वापरा आणि खरे केस फक्त कॅमेऱ्याजवळच्या घडीपुरते ठेवा. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सिम्प्लिफाय चालू करून टेक्स्चर लिमिट २०४८ करा. टाइलचा (एका वेळी रेंडर होणाऱ्या तुकड्याचा) आकार २०४८ वरून ५१२ वर आणा. परसिस्टंट डेटा बंद ठेवा. तरीही नाही मावलं तर शेवटचं चित्र प्रोसेसरवर काढा: १६ जीबी रॅम झाल्यावर मेमरीची अडचण राहत नाही, वेळ मात्र बराच लागतो. दिवसाला एक-दोन चित्रंच लागत असतील तर रात्री लावून झोपा. त्यासाठी कार्ड घेण्याची गरज नाही.

बाहेरचं कार्ड

रोजची दहा-पंधरा चित्रं काढायची वेळ आली तर बाहेरच्या कार्डाचा विचार करा. लॅपटॉपला सी-टाइपचं भोक आहे म्हणजे थंडरबोल्ट आहे असं धरू नका. भोकाशेजारी विजेचं चिन्ह, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टिम डिव्हायसेसखाली थंडरबोल्ट कंट्रोलर, हे दोन्ही हवं. तुमच्या किमतीच्या वर्गात ते सहसा नसतं, आणि नुसत्या यूएसबीमधून ग्राफिक्स कार्ड चालत नाही. वाय-फायच्या स्लॉटातून काढलेली जोडणी पीसीआय एक्सप्रेसच्या (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) एकाच लेनची असते. ती चालते, पण फार अरुंद.

एम.२ चा स्लॉट मात्र चार लेनचा असू शकतो, सेकंदाला सुमारे ३.९ जीबी. डेस्कटॉपच्या सोळा लेनच्या तुलनेत हा चौथा हिस्सा आहे. गेममध्ये त्याने फटका बसतो, कारण तिथे माल सतत ये-जा करतो. सायकल्सच्या रेंडरला फारसा बसत नाही: दृश्य एकदा कार्डात भरलं की मग हिशेब कार्डाच्या आतच चालतो. म्हणूनच तुमच्या कामाला हा मार्ग शोभतो.

पण ‘असू शकतो’ हा शब्द महत्त्वाचा. काही स्लॉट दिसायला तसेच असतात आणि आतून फक्त साटाचे असतात, काही दोनच लेनचे. पट्टीच्या खाचेवरून हे कळत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढे पीसीआयई लिहिलंय का बघा, आणि खात्रीसाठी कुणाची तरी एनव्हीएमई एसएसडी तासाभरासाठी मागून लावा. बायोसमध्ये ती दिसली पाहिजे आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर मोडच्या जागी ‘पीसीआयई ३.० एक्स४’ आलं पाहिजे. एक्स२ आलं तरी रेंडरपुरतं चालेल. दिसलीच नाही तर इथेच थांबा, ॲडॉप्टर मागवू नका.

चाचणी पास झाली तर लागणारं सामान असं: एम.२ मध्ये बसणारा पट्टीकेबलचा किंवा ऑक्युलिंक जातीच्या केबलचा ॲडॉप्टर, ४५० ते ५५० वॅटचा चांगला एटीएक्स (डेस्कटॉपचा) पॉवर सप्लाय, आणि कार्ड. केबल जितकी आखूड तितकी बरी, ५० सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, आणि पट्टीकेबल असेल तर तिला काटकोनात दुमडू नका. कार्डात मेमरीला पहिला मान द्या. आरटीएक्स ३०६० बारा जीबी (१७० वॅट) ब्लेंडरला उत्तम, पण त्याच नावाचं आठ जीबीचं आणि अरुंद मेमरीचंही एक कार्ड आहे, ते नको. आरटीएक्स ३०५० सहा जीबी ७० वॅटचं आहे आणि त्याला बहुतेक वेळा वेगळी वीज लागत नाही. इंटेलचं आर्क टाळा: त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) लागतो आणि २०१८ च्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो सहसा नसतो.

वीज देताना एक चूक जीवघेणी ठरते. साटाच्या वीजजोडणीतून कार्डाची सहा पिन काढून देणारा जोड मिळतो. साटाच्या त्या जोडणीला १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅट झेपतात आणि सहा पिनकडून कार्ड ७५ पर्यंत ओढू शकतं. प्लॅस्टिक वितळतं. पॉवर सप्लायची स्वतःची सहा-अधिक-दोन पिनच वापरा.

जोडणीचा क्रम: विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद, बायोस अद्ययावत, लॅपटॉप पूर्ण बंद, बॅटरी सुटी, ॲडॉप्टर एम.२ मध्ये स्क्रूने घट्ट. मग बॅटरी लावा, आधी कार्डाचा पॉवर सप्लाय चालू, मागून लॅपटॉप. चालू लॅपटॉपवर ही केबल काढायची किंवा लावायची नाही, हा थंडरबोल्ट नाही. मॉनिटर कार्डालाच लावा. लॅपटॉपच्याच पडद्यावर चित्र परत आणलं तर तीच अरुंद वाट दोन्ही बाजूंनी वापरली जाते.

ड्रायव्हरमध्ये एक मेख आहे. एमएक्स१५० पास्कल पिढीची, आणि एनव्हिडियाच्या ५८० च्या पुढच्या ड्रायव्हरांनी त्या पिढीला सोडून दिलंय. नवं आरटीएक्स आणि जुनी एमएक्स दोन्ही एकत्र चालवायची असतील तर ५८० मालिकेतलाच ड्रायव्हर टाका, तो दोघांना ओळखतो. आधीचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या साधनाने पुसून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नव्या कार्डावर कोड १२ आला तर बायोसने पत्त्यांची जागा पुरेशी दिलेली नाही. एमएक्स१५० डिसेबल करून पुन्हा सुरू करा, बरेचदा तेवढ्यावर भागतं. कोड ४३ आला तर ड्रायव्हर पुन्हा टाका आणि केबल बदलून बघा. मधूनच पडदा काळा होणं, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी पडणं म्हणजे केबलमधून सिग्नल नीट जात नाही, बायोसमध्ये किंवा ॲडॉप्टरवर जेन २ चा (कमी वेगाचा) पर्याय असेल तर तो लावा. शेवटी ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करण्याचा पर्याय) निवडून फक्त नव्या कार्डावर खूण करा. एमएक्सवरची खूण राहिली तर दृश्य तिच्याही दोन जीबीत मावावं लागतं आणि जुनंच दुखणं परत येतं.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण कार्ड बंद पडतं, आणि विंडोज तिथेच गोठतं. म्हणजे लॅपटॉप असूनही यूपीएस लागतो. कार्ड १७०, लॅपटॉप ६५, मॉनिटर ३० असे २६५ वॅट धरा. ६०० व्हीएचा यूपीएस काम आवरून बंद करण्यापुरता पुरेल. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा ओढा सुधारणारं सर्किट) असलेले पॉवर सप्लाय कुरकुरतात, कधी बंदही पडतात. जुन्या पेठांतल्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं पण त्यात अर्थिंग नसतं, ते वायरमनकडून तपासून घ्या. लॅपटॉपचा अडॅप्टर आणि कार्डाचा पॉवर सप्लाय एकाच पट्टीवर लावा, म्हणजे दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक राहत नाही आणि तो केबलमधून वाहत नाही.

आता माझं मत. ॲडॉप्टर, पॉवर सप्लाय, कार्ड, मॉनिटर आणि यूपीएस जमवून झालं की तो लॅपटॉप हलवता येत नाहीच. मग तेच कार्ड ऑफिसातून निघालेल्या जुन्या टॉवरमध्ये का लावू नये? आरटीएक्स ३०५० सहा जीबी अशा टॉवरच्या लहान पॉवर सप्लायवरही बहुतेक वेळा चालतं. फक्त डबा पूर्ण उंचीचा घ्या. बारीक डब्यात अर्ध्या उंचीचं कार्डच मावतं. लॅपटॉपवर डिझाइन, टॉवरवर रेंडर, दोन्ही कामं एकाच वेळी चालतील. टॉवर ठेवायला जागाच नसेल तेव्हाच एम.२ चा खटाटोप करा.

कार्ड जुनं घेणार असाल, पुण्याच्या तपकीर गल्लीतून, हैदराबादेकडे जाणं होत असेल तर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून किंवा इथेच कुणाकडून, तर पैसे देण्याआधी पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा. फार जुन्या चिपवर नवा व्हीबायोस चढवून भलत्या नावाने विकलेली कार्डं ते ओळखतं आणि नावापुढे ‘फेक’ असं लिहितं. आरएक्स ५८० म्हणून दिलेल्या कार्डात शेडर (हिशेब करणारे बारीक भाग) २०४८ दिसले तर ते वेगळं, खालच्या ताकदीचं रूप आहे, खऱ्यात २३०४ असतात. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) वीस मिनिटं चालवायला लावा. पडद्यावर ठिपके किंवा चौकोन उमटले तर मेमरी गेलेली, फॅन शंभर टक्क्यांवर जाऊनही तापमान चढतच राहिलं तर पेस्ट किंवा पॅड गेलेत. पेस्ट बदलता येते, मेमरी नाही. स्क्रूवरचं रंगाचं टिंब खरवडलेलं असेल तर आत कुणीतरी हात घातलाय एवढं कळतं. तेवढ्यावरून सोडू नका, पण भाव करताना ते बोट ठेवायला कामाला येतं.